दोन सादी

आमच्या लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे मागल्या अंगणात तांब्याचा बंब पेटायचा. आधी वडीलधाऱ्यांची आंघोळ, मग मुलांची, आणि मुलांत मी शेंडेफळ. तेल-उटणे लावून कुडकुडत बसायचे आणि माझी पाळी येईपर्यंत बंबातला विस्तव विझलेला, पाणी कोमट. बाहेर फटाके सुरू झालेले असल्यामुळे पुन्हा लाकडे सारायला कोणाला सवड नसे. मी भुणभुण लावली की आई म्हणायची, "निवलेलं पाणी आपलं आपण तापत नाही रे! त्याला सरपण घालावं लागतं."

गेल्या दिवाळीत ही आठवण मी भाचीला सांगितली. ती तेव्हा यंत्र-अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुटी संपली की परीक्षा, म्हणून फराळाच्या डब्यांबरोबर ऊष्मागतिकीचा एक जाडजूड ग्रंथही घेऊन आली होती. "मामा," ती म्हणाली, "आजीनं तुला ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगितला होता, आणि तू मात्र मराठीत एम. ए. झालास!"

मी तो ग्रंथ चाळला. समीकरणांच्या वाटेला गेलो नाही. पण पुस्तक कोणतेही असो, त्यातली माणसांची नावे वाचायची मला खोड आहे. पहिल्याच काही पानांत एक नाव आढळले आणि मी थबकलो. सादी कार्नो. माणूस फ्रेंच आणि नाव सादी? हे तर शिराझच्या शेख सादीचे, 'गुलिस्ताँ'च्या कर्त्याचे नाव! फारशी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या ज्या पुस्तकावर पोसल्या, त्याच्या कवीचे नाव वाफेच्या एंजिनाच्या प्रकरणात काय करीत होते?

तेवढ्यात ताई आली, ती घामाघूम आणि चिडलेली. लोकलच्या डब्यात एक बेवारस पिशवी सापडली होती. गाडी पाऊण तास थांबवली, डबा रिकामा केला, पोलिस आले, कुत्रे आले, आणि पिशवीतून निघाला चकलीचा सोऱ्या व एक ओला टॉवेल. आम्ही हसलो. ताई हसली नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा तिचे यजमान दादरहून गोरेगावपर्यंत चालत आले होते. टेलिफोन लागत नव्हते. वर्षाच्या या पोरीला मांडीवर घेऊन ताई रात्री दीडपर्यंत दाराकडे बघत बसली होती. तीच पोर आता रोज त्याच गाडीने कॉलेजला जाते.

"प्रत्येक माणूस, प्रत्येक पिशवी तपासत का नाहीत?" ताई म्हणाली. "खर्च होऊ दे. वेळ लागू दे. पण एकही सुटता कामा नये."

"आई, ते कार्नोचं एंजिन होईल," भाची पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "त्यात काहीच वाया जात नाही. फक्त ते चालत नाही."

हे उत्तर मला त्या वेळी थोडे आगाऊ वाटले. परंतु सुटीनंतर कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी या सादीचा माग काढला, तेव्हा मला एक नव्हे तर दोन सादी कार्नो भेटले. एकाने उष्णतेचे शास्त्र उभारले. दुसरा दहशतवाद्याच्या सुरीने मेला. आणि दोघे सख्खे चुलते-पुतणे!

थोरल्या सादीचा जन्म १७९६ चा, पॅरिसमधला. वडील लाझार कार्नो हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याची घडी बसवणारे सेनानी. 'विजयाचे संघटक' अशी त्यांची ख्याती. हा गृहस्थ गणिती होता, यंत्रांवर त्याने प्रबंध लिहिला होता, शिवाय कविताही करी, आणि सादीच्या काव्याचा त्याला इतका लळा की मुलाचे नावच सादी ठेवले. (आपल्याकडे पोराचे नाव ज्ञानदेव ठेवावे तसे म्हणा; फक्त शिराझ पॅरिसपासून फार दूर.) मुलगा सोळाव्या वर्षी 'एकोल पॉलितेक्निक' या नामांकित विद्यालयात गेला, लष्करात इंजिनियर झाला. नेपोलियन पडला, वडिलांना देशोधडीला लागावे लागले आणि ते १८२३ साली जर्मनीत माग्डेबुर्ग येथे वारले. पुढल्याच वर्षी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या सादीने एक लहानसे पुस्तक छापले. पाने ११८, प्रती ६००, किंमत ३ फ्रँक. नावाचा अर्थ साधारण असा: 'अग्नीच्या चालकशक्तीविषयी काही विचार'.

विचार असा होता. इंग्लंडात वाफेची एंजिने येऊन शंभर वर्षे झाली होती. न्यूकमेनचे एंजिन १७१२ चे. जेम्स वॉटने १७६५ साली त्यात मोठी सुधारणा सुचवली. एंजिने उत्तरोत्तर कमी कोळसा खात चालली होती. पण कमी म्हणजे किती कमी? सुधारत सुधारत गेले तर शेवटी एका मुठीच्या कोळशावर गिरणी चालेल काय? हा प्रश्न कारागिरांना पडला नव्हता. त्यांना पुढल्या आठवड्याची काळजी. सादीला पडला. त्याने पाणचक्कीकडे पाहिले. पाणचक्कीचे काम पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते यावर अवलंबून असते. उष्णतेचेही तसेच, तो म्हणाला: ती तापलेल्या वस्तूकडून गार वस्तूकडे 'पडते', आणि पडता पडता काम करते. नुसते तापवून भागत नाही, गार बाजूही हवी. आणि दोन्ही तपमाने ठरली की जास्तीत जास्त किती काम निघेल हेही ठरले. मग एंजिनात वाफ घाला, हवा घाला, नाही तर आणखी काही. त्यापुढे ब्रह्मदेवालाही जाता येणार नाही.

पुढे या मर्यादेचे सूत्र बसले, आणि ते मराठीच्या मास्तरालाही कळण्याइतके सोपे आहे. तपमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे सेल्सिअसच्या उणे २७३ अंशांपासून मोजायचे. १०० अंशांची वाफ म्हणजे ३७३, आणि ३० अंशांची आपल्याकडची हवा म्हणजे ३०३. फरक ७०. सत्तर भागिले ३७३, म्हणजे शंभर भाग उष्णतेतून जेमतेम एकोणीस भागांचे काम. बाकीचे एक्क्याऐंशी भाग गार बाजूला देऊन टाकायचे. वीजनिर्मिती केंद्रात वाफ ५४० अंशांपर्यंत नेतात, तिथेही मर्यादा त्रेसष्टाच्या आत, आणि प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस मिळाले तरी पुष्कळ.

कार्नोच्या पुस्तकातून मला भावलेली गोष्ट निराळीच आहे. नुकसान दोन जातींचे असते हे त्याने वेगळे काढून दाखवले. एक जात हलगर्जीपणाची: वाफ गळते, सांधे घासतात, तापलेले सिलिंडर दर फेऱ्याला गार करून पुन्हा तापवावे लागते. वॉटने हेच शेवटचे नुकसान थांबवले. वाफ थंड करायला वेगळे भांडे लावले. ही नुकसाने शोधून शोधून कमी करावीत, त्यात शास्त्रही आहे आणि शहाणपणही. दुसरी जात सृष्टिनियमाची. ती कमी होत नाही. तिच्यामागे लागणारा माणूस स्वयंचलित चक्र बनवणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो. आणि एक गंमत भाचीने समजावून दिली. कार्नोचे आदर्श एंजिन, ज्यात पहिल्या जातीचे नुकसान अगदी शून्य, ते चालवायचे तर प्रत्येक टप्पा इतका सावकाश हवा की एका फेऱ्याला अनंत काळ लागावा. निर्दोष, पण कामाचे नाही. गर्दीच्या वेळी आपल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार हजार माणसे धरा. वीस टेबले मांडली, माणशी एकच मिनिट दिले, तरी एका गाडीला तीन तास वीस मिनिटे. मागली गाडी चार मिनिटांत येते.

या पुस्तकाचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. कोणी विचारले नाही. २४ ऑगस्ट १८३२ रोजी पॅरिसातल्या पटकीच्या साथीत सादी वारला, वय ३६. साथीचा रोगी, म्हणून त्याच्या चीजवस्तू आणि बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. दोन वर्षांनी क्लापेरॉन नावाच्या इंजिनियराने त्याच्या विचारावर निबंध लिहिला, आणि तो वाचून १८४५ साली विल्यम टॉमसन नावाचा वीस वर्षांचा तरुण पॅरिसातली पुस्तकांची दुकाने पालथी घालू लागला. कार्नोचे पुस्तक? दुकानदार इपोलीत कार्नोचे पुस्तक पुढे करीत. सादीचा धाकटा भाऊ राजकारणी होता, समाजसुधारणेवर लिहीत असे. सादीचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. हा टॉमसन म्हणजेच पुढचा लॉर्ड केल्व्हिन. निरपेक्ष तपमानाची मोजपट्टी त्याची. १८५० मध्ये जर्मनीच्या क्लाउझिउसने कार्नोच्या विचारातली चूक काढून त्याला आजचे रूप दिले आणि १८६५ मध्ये 'एंट्रॉपी' हा शब्द घडवला.

चूक होती खरी. उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे, तो खाली पडतो पण संपत नाही, असे त्या काळच्या विद्वानांप्रमाणे कार्नोने धरले होते. पण इपोलीतने भावाच्या वाचलेल्या टिपणवह्या जपून ठेवल्या होत्या आणि १८७८ साली त्या छापल्या. तेव्हा कळले की मरण्यापूर्वी सादीने ती चूक स्वतःच ओळखली होती. उष्णता म्हणजे गतीच, असे लिहून एक किलो पाणी एक अंश तापवणारी उष्णता ३७० किलो वजन एक मीटर उचलील, असा हिशेबही मांडला होता. आजचा आकडा ४२७. शेणामेणाच्या साधनांच्या काळात हा अंदाज थोडा नव्हे!

इपोलीतने आणखी एक केले. भाऊ गेल्यावर पाच वर्षांनी, १८३७ साली, मुलगा झाला, त्याचे नाव त्याने सादी ठेवले.

हा धाकटा सादीही पॉलितेक्निकमध्ये शिकला, इंजिनियर झाला, पुढे राजकारणात शिरला आणि १८८७ च्या डिसेंबरात फ्रेंच प्रजासत्ताकाचा अध्यक्ष निवडून आला. दाढी काळी, वागणे ताठ, चारित्र्य निष्कलंक. आणि त्याच्याच कारकिर्दीत पॅरिसात बाँब फुटू लागले. अराजकवादी म्हणवणाऱ्यांत एक पंथ निघाला होता: सरकार, सावकार, न्यायाधीश यांवर घाव घालणे हाच प्रचार. १८९२ मध्ये रावाशोलने न्यायखात्यातल्या माणसांची घरे उडवली. त्याचा शिरच्छेद झाला. ९ डिसेंबर १८९३ रोजी ओग्युस्त व्हायाँने लोकसभेच्या गॅलरीतून खिळे भरलेला बाँब खाली फेकला. कोणी मेले नाही, पुष्कळ जण जखमी झाले. धूर निवण्याच्या आत सभापती द्युप्युई म्हणाले, "सभागृहाचे कामकाज चालू राहील." फ्रान्समध्ये हे वाक्य अजून सांगतात.

कामकाज चालू राहिले आणि तीन दिवसांत त्यातून एक कायदा निघाला. वृत्तपत्रांनी अशा कृत्यांची भलामण केली तर शिक्षा. १८ डिसेंबरला दुसरा: कट करणाऱ्या मंडळ्या आणि स्फोटक द्रव्ये बाळगणारे यांच्यासाठी. व्हायाँच्या हातून जीव गेला नव्हता, तरी त्याला देहदंड झाला आणि अध्यक्ष कार्नोने दया नाकारली. ५ फेब्रुवारी १८९४ ला त्याचे मस्तक उडाले. बरोबर सात दिवसांनी एमिल आँरीने सँ-लाझार स्टेशनातल्या उपाहारगृहात, बिअर पीत संगीत ऐकणाऱ्या साध्या माणसांत, बाँब टाकला. हा आँरी पॉलितेक्निकच्या प्रवेशपरीक्षेला बसून तोंडी परीक्षेत नापास झालेला हुशार मुलगा! दोन्ही सादी ज्या दारातून आत गेले त्या दारावरून परत फिरलेला.

२४ जून १८९४. लियाँ शहरात मोठे प्रदर्शन भरले होते, अध्यक्ष ते पाहायला गेले होते. मेजवानी आटोपून रात्री नऊच्या सुमारास उघड्या बग्गीतून नाट्यगृहाकडे निघाले. दुतर्फा गर्दी. साऱ्या फ्रान्सचे पोलिस बाँब शोधण्यात गुंतले होते. सांते काझेरियो नावाचा वीस वर्षांचा इटालियन भटारखान्यातला पोऱ्या दक्षिणेकडच्या सेत गावाहून निघाला होता. पैसे पुरेनात म्हणून वाटेचा शेवटचा टप्पा त्याने पायी काटला होता. त्याच्याजवळ बाँब नव्हता. एक सुरी होती. ती त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.

वर्तमानपत्रांचा कायदा झाला होता, स्फोटकांचा झाला होता, आणि हा सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून आला! तो बग्गीच्या पायरीवर चढला, सुरी अध्यक्षांच्या पोटात खुपसली. मध्यरात्रीनंतर तासाभरात अध्यक्ष गेले. दुसऱ्या दिवशी विधवा पत्नीच्या हाती टपालाने एक पाकीट पडले. आत रावाशोलचे छायाचित्र, आणि त्याचा सूड घेतल्याचा मजकूर. काझेरियोने ते आधीच पेटीत टाकले होते.

अशा वेळी सरकारने काय करावे? मी प्राध्यापक आहे, गृहमंत्री नाही. आणि बाई घरात पाकीट हातात धरून बसली असताना शहाणपणा सांगणे सोपे नसते. काझेरियोला ऑगस्टात देहदंड झाला, त्याबद्दल त्या काळी फारशी कुरकूर झाली नाही. पण २८ जुलै १८९४ रोजी तिसरा कायदा झाला. आता अराजकवादाचा प्रचार, कोणत्याही साधनाने केलेला, गुन्हा ठरला. असे खटले ज्यूरीकडून काढून नुसत्या न्यायाधीशांकडे दिले. खटल्याची हकीकत छापण्यावरही बंदी घालता येऊ लागली. या तिन्हींना विरोधकांनी जे नाव दिले त्याचे मराठी 'नीच कायदे' असे होईल. आपण 'काळे कायदे' म्हणतो.

त्याच ऑगस्टात पॅरिसात 'तीस जणांचा खटला' उभा राहिला. लेखक, संपादक आणि त्यांच्याबरोबर काही अट्टल घरफोडे, सगळ्यांची एकच मोट बांधून कटाचा आरोप. आरोपींत फेलिक्स फेनेआँ हा कलासमीक्षक होता. नोकरी युद्धखात्यात कारकुनाची. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही एका दिव्याच्या खांबामागे अमुक अराजकवाद्याशी बोलताना दिसलात. फेनेआँने अदबीने विचारले, की महाराज, दिव्याच्या खांबाची मागली बाजू कोणती ते सांगाल काय? कोर्ट हसले. ज्यूरीने घरफोड्यांना चोरीबद्दल दोषी धरले आणि बाकी सर्वांना सोडून दिले. पुढे १८९८ मध्ये लेआँ ब्लूम या तरुणाने 'एक कायदेपंडित' या नावाआड राहून हे कायदे किती घाईने व किती न वाचता मंजूर झाले त्याची साग्र हकीकत लिहिली. ब्लूम पुढे फ्रान्सचा पंतप्रधान झाला. तिसरा कायदा मात्र पुस्तकातून निघाला तो १९९२ मध्ये. अठ्ठ्याण्णव वर्षे! भीती वर्षादोनवर्षांत निवते. तिच्या उबेत केलेला कायदा निवत नाही.

मराठी वाचकाला या कथेत काहीतरी ओळखीचे लागेल. १९०८ च्या ३० एप्रिलला मुझफ्फरपुरास बाँब पडला. ज्याच्यावर नेम होता तो वाचला आणि दोन निरपराध स्त्रिया मेल्या. ८ जूनला इंग्रज सरकारने एकाच दिवशी दोन कायदे केले, एक स्फोटक द्रव्यांचा, दुसरा वृत्तपत्रांचा. हीच जोडी, याच क्रमाने नसली तरी याच बुद्धीने. दुसऱ्या दिवशीच्या केसरीत 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. त्याच्यावरून आणि आधीच्या एका अग्रलेखावरून टिळकांना पकडले, तो दिवस २४ जूनचा. लियाँच्या त्या रात्रीला बरोबर चौदा वर्षे झाली होती. सहा वर्षे मंडाले. वृत्तपत्रांचा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. स्फोटक द्रव्यांचा कायदा अजून चालू आहे आणि तो असावा असेच मला वाटते. दोन्ही एका दिवशी जन्मले म्हणून दोन्ही एका मोलाचे ठरत नाहीत.

इथे माझ्यातला मास्तर म्हणू लागतो, की झाकण घट्ट दाबले तर भांडे फुटणारच. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली बंद भांड्यात हाडे शिजवून दाखवली आणि लवकरच त्याला वाफ सोडणारी झडप बसवली. आपल्या कुकरचा तो पणजोबा. फ्रान्समध्ये १८९५ च्या आरंभी राजकीय कैद्यांना माफी मिळाली, कामगारांचे लक्ष संघटनांकडे वळले आणि बाँबची लाट ओसरली. म्हणजे झडप उघडली, वाफ गेली. उपमा छान आहे, पण मी तिच्यावर फार भार टाकणार नाही. काझेरियो वाफ नव्हता. त्याला मन होते, त्याने सुरी निवडून विकत घेतली होती, आणि त्याच भटारखान्यांत त्याच पगारावर राबणारी हजारो पोरे कोणाच्या पोटात सुरी न खुपसता भाकरी भाजत होती. माणसाला वाफ म्हटले की खुनी निर्दोष ठरतो आणि त्याच्या शेजारचा गरीब विनाकारण संशयित ठरतो.

त्यापेक्षा मला १८२३ चा एक हुकूम जास्त शिकवून जातो. थोरल्या सादीच्या पुस्तकाच्या आदल्याच वर्षी फ्रान्सच्या राजाने भारी दाबाच्या बॉयलरांसाठी नियम केले. प्रत्येक बॉयलरवर दोन झडपा हव्यात. एक कामगाराच्या हाताशी. दुसरी जाळीत कुलूपबंद, किल्ली मालकापाशी. म्हणजे काम उरकण्याच्या घाईत कोणी तिच्यावर वजन ठेवून ती दाबू नये. बॉयलर कधीच फुटणार नाही असे त्या हुकमाने कोणाला वचन दिले नाही. कुठे फुटतो, कोणाच्या कोणत्या मोहाने फुटतो, हे पाहून तेवढ्यापुरता बंदोबस्त केला.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार दिसतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो हरियाणात मानेसरला होते. ते मुंबईत उतरेपर्यंत सकाळ उजाडली. २००९ मध्ये या दलाची ठाणी मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे झाली. हे वॉटच्या वेगळ्या भांड्यासारखे काम: गळती कुठे होती ते पाहिले आणि ती बुजवली. याउलट आमच्या स्टेशनाच्या तोंडाशी धातू ओळखणारी एक चौकट उभी आहे. तिच्यातून जाणारा प्रत्येक जण वाजतो. किल्ल्या वाजतात, डबे वाजतात, छत्र्या वाजतात. शेजारी कोणी बसलेले नसते. लोक तिला वळसा घालून जातात, आणि मी नियमाने तिच्यातून जातो, कारण सगळेच वळसा घालू लागले तर तिला वाईट वाटेल.

ताईच्या रात्रीचा हिशेब मात्र राहूनच गेला. २००६ च्या त्या स्फोटांच्या खटल्यात बारा जणांना शिक्षा झाली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब आणि साक्षीपुरावे न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने एवढेच म्हटले, की हा निकाल तूर्त इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. एकोणीस वर्षे गेली. ताईने ती बातमी दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवली. त्या दिवाळीला ती सोऱ्याच्या पिशवीवर हसली नाही याचे कारण मला उशिरा कळले.

लियाँच्या त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. सुरीने अध्यक्षांच्या यकृताला जाणारी मोठी रक्तवाहिनी कापली होती. शहरातले नामांकित शल्यवैद्य भोवती उभे होते आणि रक्त वाहत होते, कारण फाटलेली रक्तवाहिनी शिवून पुन्हा चालू करणे तेव्हा कोणालाच साधत नव्हते. लियाँमध्ये आलेक्सी कारेल नावाचा वीस वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याच्या मनाने घेतले की ही शिवण यायला हवी होती. आली असती तर माणूस वाचला असता. (या कारेलची पुढची सगळी मते मला पटत नाहीत, माणसांची निवड-निपज करण्याविषयी त्याने उतारवयात जे लिहिले ते वाचवत नाही. पण ते असो.) लियाँ हे रेशमाचे शहर. कारेल तिथल्या मादाम लरूदिये नावाच्या नामांकित भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला आणि बारीक सुईने, बारीक रेशमाने टाका कसा घालावा ते शिकला. आधी कागदावर सराव केला. सुई आणि दोरा गुळगुळीत सरकावा म्हणून व्हॅसलीन लावले. वाहिनीच्या दोन्ही गोल तोंडांना तीन टाके अशा अंतरावर घातले की ते ताणले असता गोलाचा त्रिकोण व्हावा, म्हणजे सरळ कडेवर शिवता येते. १९०२ मध्ये त्याने ही रीत प्रसिद्ध केली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज अपघाताचा जखमी असो की बाँबचा, शल्यवैद्य त्याची वाहिनी शिवतो तेव्हा त्या शिवणीत लियाँच्या भरतकामाचा हात असतो.

ही गोष्ट मी परवा ताईला सांगितली. ती गौरीच्या पडद्याला कशिदा घालीत बसली होती. सगळे ऐकून घेतले, दोरा दाताने तोडला आणि मला विचारले, "आणि त्या बाईंना रे? त्यांना काय दिलं?"